राकसकोपच्या काठानं दिवसभराची चाल: पाटी नसेल तिथं वाट कशी ओळखायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातले चार मित्र डिसेंबरातल्या एका रविवारी बेळगुंदीहून पायी निघणार. राकसकोप जलाशयाच्या कडेनं जाऊन, कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द ओलांडून पलीकडं तुडये आणि हाजगोळीच्या धरणापर्यंत पोचायचं आणि संध्याकाळी बसनं परत यायचं. मोबाइलच्या नकाशात वाट मधेच तुटते. पाट्या जवळजवळ नाहीत, ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच कन्नडमध्ये आणि चौघांपैकी एकालाच कन्नड वाचता येतं. एका दिवसात होईल का, आणि वाट चुकली तर काय करायचं?

एका दिवसात होईल. मी या पट्ट्यात तीसेक वर्षं चालतोय, बरोबर पोरांनाही नेलंय आणि साठी उलटलेल्यांनाही. पण प्रश्नातला एक शब्द मला आधी बाजूला ठेवावासा वाटतो, तो म्हणजे पाटी. या रानात पाटी शोधत चाललात तर दिवसभर चुकाल. इथली एकही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी पडलेली नाही. कुणी गुरं पाण्यावर नेतो, कुणी सरपणाला जातो, कुणी शेजारच्या गावात लेकीकडं, कुणी देवाला. ज्या कामासाठी वाट पडली, तिथंच ती जाते. म्हणून फाट्यावर उभं राहिल्यावर ‘ही वाट कुठं जाते’ याच्या आधी ‘ही कुणी आणि कशासाठी पाडली’ हे स्वतःला विचारा. एवढी सवय लागली की निम्मं काम झालं.

गुरांची वाट सगळ्यात फसवी. सुरुवातीला ती इतकी रुंद आणि मळलेली असते की हाच मुख्य रस्ता वाटतो. पाच-दहा मिनिटांत तिच्या तीन वाटा होतात, मग सात, फणीच्या दातांसारख्या शेजारी शेजारी, आणि मग गवतात सगळ्याच विरून जातात. गुरं चरत पसरतात, त्यांना पलीकडच्या गावाला जायचं नसतं. सरपणाची वाट अरुंद, पण स्पष्ट. तिच्या कडेला कोयत्यानं तोडलेले बुंधे दिसतात, काही ताजे पांढरे, काही काळे पडलेले. ती रानात शिरते आणि एकदम संपते, कारण तिथं लाकूड मिळालं. गव्यांचीही वाट असते. खुराचे मोठे ठसे, शेणाचे थापे आणि छातीच्या उंचीपर्यंत मोडलेली झुडपं दिसली की तिथनं आवाज न करता मागं फिरायचं.

तुम्हाला हवी ती गावाहून गावाला जाणारी वाट. ती ओळखायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फांद्यांचा. अशा वाटेवरनं बायका-माणसं डोक्यावर भारा घेऊन जातात, त्यामुळं वर आडव्या येणाऱ्या फांद्या माणसाच्या उंचीच्याही हातभर वर तोडलेल्या असतात. गुरांच्या वाटेवर तसं नसतं, तिथं फांद्या तोंडावर येतात. दुसरी खूण ओढ्याची. गावाची वाट ओढा ओलांडते तिथं कुणीतरी पाय ठेवायला दगड मांडलेले असतात. शेताच्या काटेरी कुंपणात तिच्यासाठी माणूस जाईल पण म्हैस जाणार नाही एवढी फट ठेवलेली असते. चढावर ती सरळ अंगावर येत नाही, तिरकी घेत घेत वर जाते, कारण ओझं घेऊन चढणाऱ्यांनी ती पाडलेली आहे. देवाची वाटही भरवशाची. शेंदूर लावलेला दगड, एखादी टांगलेली घंटा, न तोडलेली जुनी झाडं दिसली की समजा, इथं वर्षातनं एकदा तरी अख्खा गाव येतो आणि इथनं गावाकडं नक्की वाट आहे.

आता पाण्याचं सांगतो. तुमच्या बेतातला खरा धोका तिथं आहे आणि नवीन माणसाला तो दिसत नाही.

राकसकोप हा मार्कंडेय नदीवरचा जलाशय. नदी खानापूर तालुक्यात बैलूरच्या बाजूला उगम पावते, उत्तरेकडं येते, इथं अडते, आणि पुढं उचगाव, कंग्राळी, काकतीवरनं पूर्वेला जात गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. बेळगाव शहर हेच पाणी पितं, दुसरं हिडकलचं. जलाशय म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढं ताटलीसारखं गोल तळं येतं आणि तो म्हणतो, पाणी एका हाताला ठेवून काठाकाठानं गेलं की पोचलोच. तसं होत नाही. धरणात पाणी साठतं तेव्हा नदीला मिळणारे सगळे ओढेही भरतात. नकाशात बघा, पाणी पंजासारखं दिसेल, बोटं रानात शिरलेली. काठानं चालणारा माणूस प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत जातो आणि दुसऱ्या बाजूनं परत बाहेर येतो. समोरचा काठ हाक मारली तर ऐकू जाईल इतका जवळ असतो, आणि तिथं पोचायला तासभर लागतो.

मी हे शिकलो ते चुकून. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट, आम्ही सहाजण होतो, त्यात माझा तेरा वर्षांचा पुतण्या. नोव्हेंबरची अखेर. काठानंच जायचं ठरवलं, कारण पाणी दिसत असताना चुकणार कसं, असं मलाच वाटत होतं. पहिलं बोट वळसा घालून पार केलं, दुसरंही. तिसऱ्याला चार वाजले. तिथं पाणी ओसरलेलं, मधली जमीन कोरडी, वरनं भेगा पडलेली दिसत होती. वीस पावलं वाचतील म्हणून पुतण्या सरळ आडवा निघाला आणि सातव्या-आठव्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेला. वर वाळलेला पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा गाळ. त्यानं पाय ओढायचा प्रयत्न केला तसा दुसराही गेला. आम्ही दोघं पोटावर आडवे झालो, काठी पुढं केली, आणि त्याला बसतं करून, मग आडवं करून ओढून घेतलं. बूट आतच राहिला. तो रडला नाही, पण त्याच्या हाताची पकड अजून माझ्या मनगटाला आठवते. अंधार पडल्यावर आम्ही भलत्याच गावात पोचलो. एका घरातल्या आजींनी चहा दिला, त्याचे पाय गरम पाण्यानं धुतले, आणि त्यांच्या मुलानं टेम्पोनं आम्हाला रस्त्यावर आणून सोडलं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. ओसरलेल्या जलाशयाच्या उघड्या मातीवर पाय ठेवायचा नाही, कितीही कोरडी दिसो. गुरांच्या खुरांचे ठसे दिसले तरीही नाही, कारण ते ठसे महिन्यापूर्वीचे की कालचे हे वरनं कळत नाही. प्रत्येक बोटाला वरनं वळसा घालायचा. किती वरनं, तेही पाणीच सांगतं. पावसाळ्यात पाणी जिथवर चढलं होतं तिथं वाहून आलेल्या काटक्या, पाला, प्लास्टिकच्या बाटल्या यांची एक रेघ राहते. त्या रेघेच्या खाली माती उघडी आणि झुडपं नाहीत, वर गवत आणि करवंदीच्या जाळ्या. ती रेघ खालच्या हाताला ठेवून चाला. गावाच्या वाटाही बहुतेक त्या रेघेच्या वरनंच जातात, कारण त्या बारमाही वापरायच्या असतात.

तुम्हाला एखादी सुंदर रुंद वाट सरळ पाण्यात उतरलेली दिसेल. ती धरणाआधीची. जिथं कुठं धरण झालं तिथं अशा वाटा असतात. नकाशात ती पाण्यापलीकडं पुन्हा सुरू झालेली दिसते आणि मोबाइल खुशाल तिच्यावरनं जायला सांगतो.

नकाशांबद्दल एवढंच. उपग्रहाचं चित्र कुठल्या महिन्यातलं आहे हे कळत नाही. उन्हाळ्यातलं असेल तर जिथं जमीन दिसते तिथं डिसेंबरात पाणी असेल. म्हणून चित्रावर काठ ठरवू नका. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि उंचीच्या रेषा २० मीटरला एक. त्यावर ओढे, डोंगराच्या धारा आणि सपाटी नीट कळते. वाटा मात्र जुन्या असू शकतात. मोबाइलमध्ये नकाशा घरीच उतरवून घ्या, कारण दरीत उतरलात की रेंज जाते. आणि चौघांपैकी एकाचा फोन सकाळपासून बंद ठेवा, तो फक्त संध्याकाळसाठी. होकायंत्र असेल तर उत्तमच. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत पायी चालणाऱ्याला जाणवेल असा फरक नाही. उघड्यावर आलात की उत्तरेला वैजनाथ-महिपाळगडाचा डोंगर आणि आग्नेयेला लांब येळ्ळूरचा राजहंसगड शोधा. हे दोन सापडले तर तुम्ही साधारण कुठं आहात ते कळतं.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक अंदाज मांडला, तो आजही वापरतात: सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास. आपल्याकडं जांभ्याचे सडे, घसरडी मुरमाड उतरंड आणि शेताचे बांध असताना तो अंदाज पुरत नाही. मी तासाला ३ किलोमीटर धरतो. तुमची चाल वळशांसकट २२ किलोमीटर धरली तर सव्वासात तास होतात. जेवण आणि विसाव्याला एक तास, चुकून परत येण्याला एक तास. म्हणजे सव्वानऊ. डिसेंबरात बेळगावला सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. सातला चालायला लागलात तर साडेचारपर्यंत पोचता आणि दीड तास हातात राहतो. नऊला निघालात तर काहीच राहत नाही. रविवारी सकाळी मित्र गोळा करण्यातच दोन तास जातात हे मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून रात्रीच बेळगुंदीत कुणाकडं तरी मुक्काम केलात तर फार बरं.

एक वेळ आधीच कागदावर लिहा: साडेबारापर्यंत जलाशयाची शेवटची बोटं ओलांडून तुडयेच्या बाजूच्या चढाला लागलो नसू, तर हाजगोळी सोडायची आणि जवळच्या रस्त्याला लागायचं. हे सकाळी घरी ठरवायचं असतं. दुपारी दमल्यावर, समोर धरण दिसत असताना, कुणी मागं फिरायला तयार होत नाही.

वाट चुकलीय हे कळतं कसं? माझी खूण दहा मिनिटांची आहे. दहा मिनिटं चाललात आणि माणसाची एकही ताजी खूण दिसली नाही, ना चपलेचा ठसा, ना तंबाखूची पुडी, ना तोडलेली फांदी, ना मांडलेला दगड, तर थांबा. पुढं जाऊन बघू म्हणायचं नाही. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. ती जागा माहीत असायला हवी म्हणून प्रत्येक फाट्यावर मागं वळून बघायचं आणि मागचाच फोटो काढायचा. येताना दिसलेलं रान आणि परतताना दिसणारं रान ही दोन वेगळी रानं असतात. चौघांपैकी शेवटच्यानं हे काम घ्यावं, पुढच्याचं लक्ष पायाखाली असतं. झाडावर रंगाचे बाण काढू नका, फिती बांधू नका. तुमच्यानंतर येणाऱ्याला ती पाटी वाटेल आणि तुमची चूक त्याच्या माथी जाईल.

आता विचारण्याबद्दल. भेटलेल्या माणसाला विचारणं हेच या वाटेवरचं खरं साधन आहे, पण विचारायची रीत असते. ‘मामा, ही वाट तुडयेला जाते न्हवं?’ असं विचारलंत तर ‘होय की’ असंच उत्तर येईल. खोटं बोलायचं म्हणून नाही, तुमचं मन मोडवत नाही म्हणून. त्यापेक्षा ‘मामा, तुडयेला जायचं तर तुम्ही कुठनं जाता?’ असं विचारा. मग तो उभा राहतो, हात करून दाखवतो, ‘हितनं नको, तिकडं पाणी हाय, वरनं जावा, आंब्याचं झाड लागंल’ असं सांगतो. अंतर विचारू नका. ‘जवळच हाय’ यात अर्धा किलोमीटरही बसतो आणि पाचही. ‘भारा घेऊन जायला किती वेळ लागतो’ असं विचारा, उत्तर बरोबर येतं आणि तुमचीही चाल साधारण तेवढीच असते. बाईमाणूस शेतात एकटी असेल तर बांधावरनंच हाक द्या, ‘मावशी’ म्हणून, आणि जवळ जायच्या आधी कुठले, कुठं चाललो ते सांगा. आणि दोघांना विचारा, एकाला नको.

हद्दीच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं मराठी चालतं, बोलण्याची काही अडचण नाही. पण वनखात्याच्या माणसाशी बोलताना कन्नडचे दहा शब्द आले तर फार उपयोग होतो. पाट्यांवरचेही हेच शब्द तुमच्या कन्नड वाचणाऱ्या मित्रानं सगळ्यांना शिकवावेत. केरे म्हणजे तळं, हळ्ळ म्हणजे ओढा, होळे म्हणजे नदी, गुड्ड म्हणजे डोंगर, काडु म्हणजे रान, दारी म्हणजे वाट, ऊरु म्हणजे गाव, नीरु म्हणजे पाणी. एड डावीकडं, बल उजवीकडं, नेर सरळ. आने म्हणजे हत्ती आणि करडी म्हणजे अस्वल, हे दोन पाटीवर दिसले तर मात्र थांबून वाचा. इथल्या गावांच्या नावांतही हे शब्द दडलेले आहेत, कान लावलात तर नावावरनंच पाणी कुठं असेल ते कळायला लागतं.

जनावरांबद्दल घाबरवत नाही, पण खरं ते सांगतो. खानापूर आणि चंदगडच्या रानात गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि दांडेलीकडनं आलेले हत्ती गेली वीसेक वर्षं तिलारी-चंदगडच्या बाजूला फिरतात. म्हणून अंधार पडल्यावर चालायचं नाही आणि पहाटे उजाडायच्या आत रानात शिरायचं नाही. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली बसायचं नाही, विडी-सिगारेट पेटवायची नाही. गोचिडांकडं दुर्लक्ष करू नका. माकडताप गोचिडांमुळं होतो. १९५७ मध्ये तो पहिल्यांदा शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात ओळखला गेला, आणि २०१६ मध्ये आपल्याशेजारी दोडामार्गमध्ये त्याची साथ आली होती. डिसेंबर ते मे हेच त्याचे दिवस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, विजार मोज्यात खोचलेली, पाचोळ्यावर बसायचं नाही, आणि घरी गेल्यावर अंगभर तपासून गरम पाण्यानं आंघोळ. नंतर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आपणहून सांगा.

साप चावला तर बांधू नका, कापू नका, पाय हलू न देता माणसाला उचलून रस्त्यावर आणा. १०८ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक हद्दीच्या दोन्ही बाजूंना चालतात.

परवानगीचं म्हणाल तर गावच्या वाटेला ती लागत नाही, पण धरणाच्या बांधावर आणि दरवाज्यांजवळ जाताना तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. पिण्याचं पाणी आहे, त्यात पोहणं, साबण लावणं, भांडी घासणं नको. वाट चुकून दक्षिणेला जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडं सरकू नका. तिकडं पुढं भीमगड अभयारण्य आहे, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

डिसेंबर निवडलात ते बरं केलंत. भात कापून झालेलं असतं, बांधावरनं चालताना कुणाचं पीक तुडवलं जात नाही, आणि मळणी चालू असेल तर शेतात विचारायला माणसं भेटतात. पाणी माणशी तीन लिटर घ्या, जलाशयातलं तसंच पिऊ नका. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे पुरेत. बेळगुंदीच्या बाजूला रताळी मिळाली तर उकडून चार घ्या, दुपारी त्यासारखं दुसरं काही नाही.

तुडयेतनं बेळगावला येणाऱ्या शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशी चौकशी करून घ्या, मोबाइलवर बघू नका. आणि निघताना राकसकोपची पातळी विचारून घ्या. पूर्ण भरल्यावर ती २४७५ फूट असते, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतच असते. त्याच्या चार-पाच फूट आत असेल तर बोटं लांबलेली असणार, काठ सोडून पहिल्या बोटालाच वरच्या वाटेला लागा. बरीच खाली असेल तर काठ सोपा दिसेल, आणि गाळ तेव्हाच जास्त उघडा पडलेला असतो.